'जन्मतः' आणि 'मानीव' : सर्वोच्च निर्वाचित पदाच्या नागरिकत्व-पात्रतेची भाषिक चिकित्सा (केळापूर तालुक्याच्या संदर्भात)

राष्ट्राच्या वा राज्याच्या सर्वोच्च पदावर कोणी बसावे, या प्रश्नाला भारतीय संविधानाने दिलेले उत्तर शब्दसंख्येच्या दृष्टीने फारच थोडके आहे. राष्ट्रपतिपदासाठी अनुच्छेद ५८, संसदेच्या सदस्यत्वासाठी ८४, राज्यपालपदासाठी १५७ आणि राज्य विधानमंडळाच्या सदस्यत्वासाठी १७३ : चारही ठिकाणी अग्रभागी अट एकच, की ती व्यक्ती भारताची नागरिक असली पाहिजे. राज्यातील निर्वाचित सत्तेचे सर्वोच्च पद जे मुख्यमंत्र्याचे, त्यासाठी तर निराळी पात्रता सांगितलेलीच नाही. अनुच्छेद १६४ अन्वये राज्यपाल त्याची नेमणूक करतो, आणि लागोपाठ सहा महिने तो विधानमंडळाचा सदस्य नसेल तर त्याचे पद संपते. म्हणजे नागरिकत्वाची अट त्याच्यापर्यंत अनुच्छेद १७३ च्या आडवळणाने पोहोचते. त्या सहा महिन्यांच्या अवधीत ती लागू असते की नाही, हा संशय सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली बी. आर. कपूर विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात दूर केला. जो निवडून येण्यास पात्र नाही, त्याला मुख्यमंत्री म्हणून नेमताही येत नाही, असा तो निर्णय आहे.

या तरतुदींचा विचार करताना 'नागरिक' हे नाम सिद्ध व स्थिर आहे असे सामान्यतः गृहीत धरले जाते. वाद होतो तो अटीच्या कडकपणाविषयी. ती ज्या शब्दांत मांडली आहे त्या शब्दांच्या घडणीविषयी क्वचितच. वस्तुतः या अटीचा भार नामावर नसून क्रियापदावर आहे. एखादा मनुष्य नागरिक 'असतो', 'होतो' की 'मानला जातो', या तीन क्रियापदांतील अंतर नजरेआड केले, तर पात्रतेच्या प्रश्नाची चर्चा भलत्याच वाटेला लागते. आणि महाराष्ट्रात ती एकदा तशी लागलीही आहे. हे अंतर तपासून पाहण्यास यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याइतका सोयीचा भूप्रदेश मराठी मुलखात विरळाच.

केळापूर हे तालुक्याचे नाव, पण कचेरी पांढरकवड्यास. नाव एकाचे आणि व्यवहार दुसऱ्याचा, ही येथील जुनीच रीत म्हणावी लागेल, कारण साऱ्या वऱ्हाडाची राजकीय स्थिती शतकभर नेमकी अशीच होती. १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. १९०२ साली लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात ते कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आले, आणि लागलीच मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले. परंतु पट्टा म्हणजे मालकी नव्हे. सार्वभौमत्व निजामाकडेच राहिले. केळापूर तालुका त्या काळी वणी जिल्ह्यात मोडे. १९०५ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. तालुक्याच्या दक्षिणेस पैनगंगा. पलीकडच्या तीरावर आदिलाबादेत निजामाचा प्रत्यक्ष अंमल, अलीकडच्या तीरावर त्याच निजामाचे सार्वभौमत्व, पण अंमल नागपूरच्या सरकारचा. दोन्ही तीरांवर तेच गोंड, तेच कोलाम आणि त्याच बोल्या. मराठीत तेलुगू आणि तेलुगूत मराठी मिसळण्याचा प्रकारही दोहोंकडे सारखाच.

या स्थितीचा एक परिणाम असा, की १९१३ साली वा १९३४ साली या मुलखात जन्मलेले मूल काटेकोर कायद्याच्या भाषेत 'ब्रिटिश प्रजाजन' नव्हते. जन्माने ब्रिटिश प्रजाजन होण्यास इंग्लंडच्या राजाच्या मुलखात जन्म व्हावा लागे, आणि वऱ्हाड हा त्या राजाचा मुलूख नव्हता. 'ब्रिटिश हिंदुस्थान' या संज्ञेतही त्याचा समावेश होत नव्हता. येथे सारा, कोर्टकचेरी, पोलीस इंग्रजी अंमलाचे, आणि तरी येथला शेतकरी परक्या राजाचा प्रजाजन. या विसंगतीची झळ साध्या व्यवहारात कोणाला फारशी लागली नसेल. ती लागली प्रतिनिधित्वाच्या प्रश्नात. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातील मतदारांनी आपले प्रतिनिधी निवडावेत, आणि मग सरकारने त्या निवडून आलेल्यांचीच 'नियुक्ती' करावी, अशी रचना योजावी लागली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या विधिमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरील मुलखाने थेट सभासद धाडणे कायद्याच्या व्याकरणात बसत नव्हते. निवडणूक खरी, नियुक्ती औपचारिक, पण दप्तरात महत्त्व औपचारिकतेला. केळापूरच्या शेजारच्या वणीस जन्मलेले बापूजी अणे मध्यवर्ती विधिमंडळात बसत, ते 'वऱ्हाडचे प्रतिनिधी' या खास उल्लेखानिशी. इतर सभासदांच्या नावापुढे मतदारसंघ असे. त्यांच्या नावापुढे जणू एक घटनात्मक अडचण असे.

१९३५ च्या कायद्याने ही अडचण सोडविली ती भाषेच्या साहाय्याने, आणि या लेखाच्या दृष्टीने त्या कायद्याचे ४७ वे कलम हा सर्वांत बोलका पाठ आहे. त्यात आरंभीच निजामाचे वऱ्हाडावरील सार्वभौमत्व स्पष्ट शब्दांत मान्य केले आहे. पुढे निजामाशी होऊ घातलेल्या कराराचा उल्लेख करून (तो करार १९३६ मध्ये झाला) असे ठरविले आहे, की ते सार्वभौमत्व चालू असतानाही मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा एकच प्रांत समजण्यात येईल. 'ब्रिटिश हिंदुस्थान' म्हटले की त्यात वऱ्हाड आले असे समजण्यात येईल. आणि त्या कायद्यात जेथे जेथे सम्राटाच्या प्रजाजनांचा उल्लेख असेल, तेथे तेथे निजामाच्या 'वऱ्हाडी प्रजाजनां'चाही अंतर्भाव समजण्यात येईल. हे 'समजण्यात येईल' त्या कलमाचा प्राण आहे. जे नाही ते आहे असे धरून चालावयाचे, आणि ते धरून चालणे हाच कायदा.

आजच्या शासकीय मराठीत या व्यापाराला 'मानीव' असा शब्द रूढ झाला आहे; सहकारी गृहसंस्थांच्या 'मानीव अभिहस्तांतरणा'मुळे तो सामान्य वाचकालाही परिचित आहे. शब्द अस्सल मराठी घडणीचा आहे. कोरीव, घोटीव, रेखीव, पाळीव या मालिकेतील '-ईव' प्रत्यय असे सुचवितो, की वस्तूवर एक क्रिया घडून गेली आहे आणि तिची खूण वस्तूवर राहिली आहे. पाळीव जनावर मुळात रानटी जातीचे, हे त्या विशेषणातच गृहीत असते. जे जन्मजात घरचे त्याला कोणी पाळीव म्हणत नाही. 'मानीव प्रजाजन' म्हणताना म्हणूनच दोन गोष्टी एकदम सांगितल्या जातात : हा आपला धरला आहे, आणि हा आपला नव्हता. इंग्रजी कायद्याच्या भाषेत यांपैकी दुसरी गोष्ट झाकलेली राहते; मराठी प्रत्यय ती उघड करतो. परिभाषा घडविणाऱ्यांना इतका नेमका शब्द सुचला, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. एरवी शासकीय परिभाषेचे कौतुक करण्याचे प्रसंग फार येत नाहीत.

कलम ४७ मधील या मानीवपणाला एकच अपवाद ठेवला होता, तो राजनिष्ठेच्या शपथेचा. मतदानासाठी, उमेदवारीसाठी, मंत्रिपदासाठी वऱ्हाडी मनुष्य सम्राटाचा प्रजाजन समजावा. पण शपथ घेताना समजू नये. संस्थानी प्रजाजन असलेल्या सभासदासाठी त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत शपथेचा निराळा नमुना दिला होता. त्यात तो आपल्या राजाविषयीची निष्ठा राखून ठेवून, केवळ सभासद या नात्याने, सम्राटाशी निष्ठावंत राहण्याचे वचन देई. हा अपवाद का ठेवावा लागला, याचे राजकीय उत्तर सोपे आहे : निजामाचा मान राखावयाचा होता. परंतु त्याला भाषिक उत्तरही आहे, आणि ते अधिक मूलगामी आहे. 'समजण्यात येईल' हे क्रियापद तृतीय पुरुषी आहे. त्याचा कर्ता कायदा, आणि ज्याच्याविषयी समजावयाचे तो मनुष्य गप्प असतो. शपथ प्रथम पुरुषी आहे. जे. एल. ऑस्टिनच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी ज्या उच्चारांकडे लक्ष वेधले, की ज्यांचा उच्चार हीच कृती असते, त्यांत शपथेचे स्थान अग्रगण्य आहे. दुसऱ्याविषयी काहीही मानता येते. स्वतःच्या तोंडाने 'मी' म्हणून उच्चारताना मानीवपणा टिकत नाही. कायद्याचा मसुदा करणाराला हे उमगले होते असे दिसते, म्हणून त्याने आपली कल्पितकथा शपथेच्या उंबरठ्याशी थांबविली. १९३७ साली डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळात पु. ब. गोळे आणि रा. मा. देशमुख हे वऱ्हाडचे मंत्री होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रश्न निव्वळ कागदी नव्हता हे पटेल.

संविधानाने १९५० मध्ये काय केले? अनुच्छेद ५ सांगतो, की संविधानाच्या प्रारंभी भारताच्या राज्यक्षेत्रात ज्याचा अधिवास आहे आणि ज्याचा किंवा ज्याच्या मातापित्यांपैकी कोणाचा जन्म त्या क्षेत्रात झाला आहे, किंवा जो तेथे निदान पाच वर्षे राहत आला आहे, असा प्रत्येक जण भारताचा नागरिक 'असेल'. येथे 'समजण्यात येईल' नाही. पाकिस्तानातून स्थलांतर करून आलेल्यांविषयीचा अनुच्छेद ६ आणि परदेशी राहणाऱ्या भारतीय वंशाच्या व्यक्तींविषयीचा अनुच्छेद ८ यांत मात्र ते मुद्दाम योजले आहे. हा फरक सहजासहजी झालेला नाही. 'असेल'च्या वर्गात आलेल्या केळापूरच्या रहिवाशाचा, त्याने गाव न सोडता, शेत न विकता, एका दिवसात कायापालट झाला : काल मानीव प्रजाजन, आज सिद्ध नागरिक. बापूजी अणे त्या दिवशी बिहारचे राज्यपाल होते. म्हणजे ज्या पदासाठी अनुच्छेद १५७ ने नागरिकत्वाची अट घातली, त्या पदावर ती अट अस्तित्वात येण्यापूर्वीच ते आरूढ होते, आणि पदावर असतानाच अटीस पात्र झाले.

यवतमाळ जिल्ह्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. पुसदजवळच्या गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. १९३४ साली जन्मलेले सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ पर्यंत. दोघांचाही जन्म वऱ्हाडातला, म्हणजे कायद्याच्या काटेकोर अर्थाने निजामाच्या प्रजेत झालेला. याहून चमत्कारिक योग असा, की वसंतरावांनी सूत्रे हाती घेतल्यावर अवघ्या पंधरा दिवसांनी, २० डिसेंबर १९६३ रोजी, दयानंद बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्यांचा जन्म १९११ चा, पोर्तुगीज सत्तेखालील पेडण्याचा. गोव्याविषयीच्या १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने तेथील लोक २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे नागरिक 'झाल्याचे मानण्यात' आले. ज्याला पूर्वीचे राष्ट्रीयत्व ठेवावयाचे असेल त्याने महिन्याभरात तसे जाहीर करावे, एवढी मोकळीक होती. एकाच महिन्यात दोन मराठी भाषक मुख्यमंत्री, एक 'असेल' या क्रियापदाने नागरिक झालेला, दुसरा 'झाल्याचे मानण्यात येईल' या क्रियापदाने. आणि पात्रतेच्या दृष्टीने दोघांत तिळमात्र अंतर नाही. अनुच्छेद १७३ फक्त 'नागरिक' हे नाम वाचतो. त्यामागचे क्रियापद तो विसरतो. हे विसरणे हा त्या अनुच्छेदाचा दोष नसून गुण आहे, असे येथे प्रतिपादन आहे.

हे विसरणे रद्द करावे अशी मागणी १९९९ साली पुढे आली, आणि तिच्या अग्रभागी महाराष्ट्राचे नेतृत्व होते. शरद पवार, पूर्णो संगमा आणि तारिक अन्वर यांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात आपल्या पक्षाध्यक्षांना पत्र लिहून असे सुचविले, की राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान ही पदे केवळ जन्मतः भारतीय असलेल्या नागरिकांनाच मिळावीत अशी घटनादुरुस्ती व्हावी. त्यातून पक्षातून हकालपट्टी झाली आणि जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन झाला. त्यामागील तत्कालीन राजकारण हा येथील विषय नव्हे. विषय आहे तो 'जन्मतः' हा शब्द.

संस्कृतातील 'तस्' प्रत्यय पंचमीच्या अर्थी येतो, आणि पंचमी ही कालाची मर्यादाही सांगते व कारणही सांगते. 'जन्मतः' म्हणजे 'जन्मापासून' की 'जन्मामुळे'? एरवीच्या मराठीत हा भेद जाणवत नाही, कारण 'जन्मतः आंधळा' या प्रयोगात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. नागरिकत्वाच्या बाबतीत ते फाटतात. वसंतराव नाईक भारताचे नागरिक होते ते 'जन्मामुळे'; अनुच्छेद ५ ने जन्मस्थळ हाच आधार धरला. परंतु ते 'जन्मापासून' नागरिक नव्हते, असूच शकत नव्हते. 'भारताचा नागरिक' ही अवस्थाच संविधानाने निर्माण केली, आणि १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमात 'जन्माने' मिळणारे नागरिकत्व २६ जानेवारी १९५० रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांपुरतेच आहे. कालवाचक अर्थ घेतला, तर त्या दिवसापूर्वी जन्मलेला कोणीही जन्मतः नागरिक ठरत नाही. १९९९ साली राजकारणात वावरणारे बहुतेक ज्येष्ठ नेते, मागणी करणाऱ्यांसह, बाद होतात. कारणवाचक अर्थ घेतला, तर झेलमला जन्मलेले इंद्रकुमार गुजराल आणि पश्चिम पंजाबातील गाह येथे जन्मलेले मनमोहन सिंग यांची पंचाईत होते. आज त्यांची जन्मगावे परराष्ट्रात आहेत, आणि त्यांच्यासारख्यांचे नागरिकत्व अनुच्छेद ६ च्या 'समजण्यात येईल'वर उभे आहे.

यावर असे उत्तर देता येईल, की घटनादुरुस्तीचा मसुदा करणारे इतके भाबडे नसतात. अमेरिकेच्या घटनाकारांनी केले तसे तेही अपवाद घालतील. अमेरिकेच्या घटनेत राष्ट्राध्यक्ष जन्माने नागरिक असावा असे म्हणतानाच, 'किंवा ही घटना स्वीकारली जाताना नागरिक असलेला' अशी सोय ठेवली आहे. ती नसती तर वॉशिंग्टनही अपात्र ठरता, कारण तो इंग्लंडच्या राजाचा प्रजाजन म्हणून जन्मला होता. स्वातंत्र्योत्तर जन्मलेला पहिला राष्ट्राध्यक्ष आठवा, मार्टिन व्हॅन ब्युरेन. हे उत्तर रास्त आहे. परंतु अमेरिकेला एक अपवाद पुरला, कारण तेथे एकच प्रारंभबिंदू होता. भारतात वऱ्हाड व इतर संस्थानी मुलूख, फाळणीचे निर्वासित, गोवा, पुदुच्चेरी आणि १९७५ मध्ये 'सिक्कीम प्रजाजनां'ना नागरिक मानणारा आदेश, असे प्रारंभबिंदू अनेक. शिवाय १९८६ आणि २००३ च्या दुरुस्त्यांनी केवळ या भूमीवर जन्म होणे नागरिकत्वास पुरेसे राहिलेले नाही. मातापित्यांचे नागरिकत्वही पाहिले जाते. तेव्हा 'जन्मतः' या शब्दाला सांभाळण्यासाठी इतकी पोटकलमे लागतील, की अट त्या शब्दात उरणारच नाही, ती पोटकलमांत जाईल. जो शब्द स्वतःचा अर्थ स्वतः पेलू शकत नाही, तो पात्रतेच्या कलमात घालणे म्हणजे वादाला आमंत्रण.

मागणीमागील चिंता निष्ठेविषयीची होती, ती अप्रस्तुत म्हणता येणार नाही. पण निष्ठेचा प्रश्न संविधानाने जन्माकडे न नेता शपथेकडे नेला आहे. ऑक्टोबर १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ८४ व १७३ मध्ये अशी भर घातली, की उमेदवाराने निवडणुकीपूर्वीच भारताचे सार्वभौमत्व व एकात्मता उन्नत राखण्याची शपथ घेतली पाहिजे. १९३५ च्या कायद्यात शपथ हा पात्रतेचा अपवाद होता. १९६३ मध्ये ती पात्रतेचा भाग झाली. जेथे मानीवपणा थांबत होता, नेमके तेथूनच आता पात्रता सुरू होते. ज्या वर्षी हे घडले, त्याच वर्षी निजामाच्या प्रजेत जन्मलेला एक वऱ्हाडी पुरुष महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला, आणि त्याची निष्ठा कोणी जन्मदाखल्यावरून मोजली नाही.

'नागरिक' या मराठी संज्ञेविषयीही एक शब्द. मूळ अर्थाने तो नगरवासी. वात्स्यायनाचा 'नागरक' हा तर शहरी विलासी पुरुष. केळापूर तालुक्यातील पोडावर राहणाऱ्या कोलामाला हे विशेषण लावताना व्युत्पत्तीकडे डोळेझाकच करावी लागते. जुनी 'प्रजा' आणि 'रयत' व्यवहारातून मागे पडली, तरी 'प्रजा' 'प्रजासत्ताका'त टिकून आहे. तहसील कचेरीत लोक मागतात ते 'डोमिसाईल'. छापील कागदावर असते 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र'. त्यात 'नागरिकत्व' हा शब्द येत नाही. संविधान ज्या एका नामावर सर्वोच्च पदाची अट टांगते, ते नाम सामान्य माणसाच्या हाती पडणाऱ्या कागदात तीन निराळ्या शब्दांनी विभागले गेले आहे, आणि त्यांपैकी लोकांच्या जिभेवर एकच, तोही इंग्रजी.

क्रियापद विसरण्याचा जो गुण नागरिकत्वाच्या बाबतीत दिसतो, तो संविधानाखालील सर्वच पात्रतांना लाभला असे मात्र नाही. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात विदर्भातील जमाती क्षेत्राच्या बंधनासह नोंदविल्या होत्या, आणि त्या क्षेत्रांत केळापूर, वणी व यवतमाळ हे तालुके नामनिर्देशाने येतात. केळापुरातील गोंड वा कोलाम अनुसूचित जमातीचा. तोच, अथवा त्याचा सख्खा भाऊ, त्याच जिल्ह्यातील दारव्ह्याचा वा पुसदचा असेल तर नाही. राखीव जागेवर उभे राहण्याची पात्रता याच नोंदीवर अवलंबून. एकदा निजामाच्या सार्वभौमत्वाने आणि एकदा स्वतंत्र भारताच्या आदेशाने, दोन्ही वेळा माणसाची ओळख त्याच्या तालुक्याच्या सीमेने ठरविली गेली. नागरिकत्वाची सीमा १९५० मध्ये पुसली. जमातीच्या नोंदीची सीमा पुसण्यास १९७६ चा सुधारणा अधिनियम यावा लागला. त्या अधिनियमाने राज्यांतर्गत क्षेत्रबंधने सामान्यतः काढून टाकली, आणि अनुसूचित जमातींच्या यादीतून केळापूरचे नाव गेले. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत विधानसभेच्या यादीतूनही ते गेले. आता तालुका आर्णी या राखीव मतदारसंघात मोडतो. कचेरी अद्याप पांढरकवड्यासच आहे.